काइट मागे ढळतेय? आधी लाइनी मोजा

काइटसर्फिंगमध्ये, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर सरकताना, हातातला बार (काइटच्या लाइनी जोडलेला दांडा) अंगाकडे ओढला की काइटने जोर धरायला हवा. माझी काइट उलटं करायची. बार अर्ध्यावर आला की ती डोक्यावर घुटमळायची, मग शेपटीकडून बसत बसत मागे यायची आणि थेट पाण्यात. अख्खा फेब्रुवारी आणि मार्च मी हे सोसलं. वारा तुटक आहे म्हणालो, काइट जुनी झाली म्हणालो, शेवटी आपल्याला हे जमणारच नाही इथपर्यंत मजल गेली. एप्रिलमधल्या एका रविवारी नेरूळला आमच्या सोसायटीच्या पोडियम पार्किंगमध्ये चारही लाइनी पसरून ताणल्या, तेव्हा कळलं की मागच्या दोन्ही लाइनी पुढच्यांपेक्षा ९ सेंटिमीटरनी आखूड होत्या. २२ मीटरच्या लाइनीत ९ सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीतही नाही. मागच्या लाइनी तेवढ्या लांब करून घेतल्या आणि पुढच्या शनिवारी तीच काइट, तसाच वारा, पण मी तासभर पाण्यावर होतो.

ठाणे-नवी मुंबईतून काइटसर्फिंगला जाणाऱ्या आपल्यासारख्यांचा वारा मोजका असतो. फेब्रुवारी ते मे, दुपारी वायव्येकडून येणारा समुद्रवारा, आणि तोही पेण ओलांडून अलिबागच्या किनाऱ्यांपर्यंत गाडी हाकल्यावर. (घराजवळच्या ठाणे खाडीचा विचारही करू नका. तिथे २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून खाडी रामसर स्थळांच्या यादीत आहे, खाली कमरेइतका चिखल आहे आणि वरून उच्चदाबाच्या विजेच्या तारा गेलेल्या आहेत.) दोन-अडीच तासांचा प्रवास करून किनाऱ्यावर पोचायचं आणि लाइनीतल्या दोषाशी झगडत दुपार घालवायची, हे टाळता येतं. घरच्या घरी, एका तासात.

कुठली लाइन काय काम करते

संक्रांतीला पतंग उडवलेल्या माणसाला हे चटकन कळेल. कन्नी बांधताना वरखाली दोन बोटांचा फरक राहिला तर पतंग एकतर चढत नाही, नाहीतर गरगर फिरतो. काइटच्या लाइनी म्हणजे २० ते २४ मीटर लांबीची कन्नीच समजा. फरक इतकाच, की काइट हवेत असतानाही उडवणारा माणूस ती बदलत राहतो.

पुढच्या दोन लाइनी, ज्यांना आपण सगळे फ्रंट म्हणतो, काइटच्या पुढच्या फुगीर कडेला जोडलेल्या असतात. त्या खाली एकत्र येतात, बारच्या मधल्या भोकातून जातात आणि चिकन लूप नावाच्या कड्यामार्फत थेट हार्नेसला, म्हणजे अंगावरच्या पट्ट्याला लागतात. काइटची बहुतेक ओढ याच दोघी सोसतात. मागच्या दोन, म्हणजे बॅक, काइटच्या मागच्या कोपऱ्यांपासून बारच्या दोन टोकांना येतात. वळवणं त्यांच्याकडे, आणि काइटचा वाऱ्याशी किती कोन राहील हेही त्यांच्याकडे. बार ओढला की मागच्या लाइनी खेचल्या जातात, कोन वाढतो, ओढ वाढते. मात्र कोन फार वाढला की हवा काइटच्या पाठीवरून सुटते आणि काइट मागे बसते. याला बॅकस्टॉल म्हणतात. माझ्या काइटला झालं होतं ते हेच.

या लाइनी बहुतेक वेळा डायनीमा किंवा स्पेक्ट्राच्या असतात, दोन्ही एकाच जातीचं पॉलिथिलीन. पोलादाच्या तारेपेक्षा वजनाच्या मानाने कितीतरी मजबूत आणि पाण्यावर तरंगणारं. पण त्याचे दोन स्वभाव लक्षात ठेवायला हवेत. सतत ताणाखाली ते हळूहळू, कायमचं लांबतं. आणि उष्णता त्याला सोसत नाही, १५० अंश सेल्सिअसच्या आसपास ते वितळतं.

आता जुन्या बारवर काय होतं ते पाहा. पुढच्या लाइनी दर फेरीला ताणाखाली असतात म्हणून लांबतात. मागच्यांवर भार कमी, त्या पाण्यात सैल लोळतात, त्यांच्या विणीत बारीक रेती आणि मीठ शिरतं. वीण फुगते आणि लाइन आखडते. एक जोडी लांबते, दुसरी आखडते, आणि दोन्हीचा परिणाम एकाच दिशेला होतो: मागच्या लाइनी तुलनेने आखूड. म्हणून जुना, सेकंडहँड घेतलेला बार असेल आणि काइट मागे ढळत असेल, तर माझा पहिला संशय नेहमी इथेच जातो. माझाही बार सेकंडहँडच होता, आणि विकणाऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं.

पाण्यावर असताना ओळखायचं कसं

काइट डोक्यावर, बरोबर बारा वाजताच्या जागी आणा. वारा सरळ आणि एकसारखा असू द्या, झोतांच्या वाऱ्यात या चाचणीला अर्थ नाही. आता बार मोकळा सोडा. काइट जागेवर थांबायला हवी. ती दर वेळी डावीकडेच निघाली तर डावी बॅक लाइन आखूड आहे किंवा उजवी लांबली आहे. याहून बारीक खूण म्हणजे काइट स्थिर असताना बारकडे पाहणं. काइट सरळ उभी आणि तुमचा बार मात्र तिरका, असं दिसलं की लाइनी असमान आहेत. नवीन शिकणारे हा तिरकेपणा नकळत हाताने सांभाळून घेतात आणि संध्याकाळी एकाच खांद्यात कळ येते.

मग बार हळूहळू पूर्ण ओढा. बऱ्यापैकी वाऱ्यात काइट जागेवर राहून जोर धरते. ती मागे सरकायला लागली तर बॅक आखूड. उलट दोषही असतो: बार छातीशी आला तरी ओढ येत नाही, वळवायला सांगितलं तर काइट उशिरा ऐकते, वारा जरा पडला की पुढे धावून डोक्यावरून पलीकडे जाते. अशा वेळी बॅक लाइनी लांब आहेत. शिकाऊ माणसासाठी हा दोष जास्त फसवा, कारण काइट मऊ आणि सोपी वाटते. मात्र पाण्यात पडली की पुन्हा उठवताना बॅक लाइन ओढूनही काही होत नाही.

फ्रंट एकमेकींपेक्षा कमीजास्त असतील तर ते ओळखणं सगळ्यात कठीण. काइट किंचित पिळल्यासारखी उडते, एका बाजूला चपळ आणि दुसऱ्या बाजूला जड वाटते. हा दोष हवेत शोधत बसू नका. जमिनीवर तो दोन मिनिटांत सापडतो.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. काइटच्या एखाद्या स्ट्रटमधली (फुगवलेल्या फासळीतली) हवा कमी असेल, ब्रायडलची (काइटच्या पुढच्या कडेजवळच्या छोट्या दोऱ्यांची) पुली वाळूने अडकली असेल, तरी काइट एका बाजूला ओढते. शक्य असेल तर मित्राच्या बारवर तीच काइट पाच मिनिटं उडवा. तिथे सरळ उडाली तर खोट तुमच्या बारमध्ये.

मोजणी

जागा सलग ३० मीटर हवी, सावलीतली आणि झाडून घेतलेली. आमच्याकडे पोडियमवर पाच खांबांच्या रांगेत ती मिळते. रविवारी सकाळी सातच्या आत, गाड्या हलायच्या आधी. वॉचमनकाकांना आदल्या दिवशी सांगून ठेवतो, कारण जमिनीवर पसरलेली पातळ लाइन कुणाला दिसत नाही आणि तिच्यावरून दुचाकी गेली तर माणूसही पडतो, लाइनही जाते. खारघरच्या सेंट्रल पार्कसारखं मैदान असेल तर आणखी चांगलं, फक्त फिरायला येणाऱ्यांच्या वाटेत पसरू नका.

एका खांबाला मजबूत दोर बांधा. खांबाच्या कडेने तो घासू नये म्हणून मध्ये जुना टॉवेल घाला. दोराला ट्रेकिंगचा कॅराबिनर अडकवा आणि चारही लाइनींचे काइटकडचे लूप त्यातच घाला. चौघींचा आरंभबिंदू एकच हवा. शेजारी शेजारी चार खिळ्यांना अडकवून मोजलेलं मी पाहिलं आहे, त्यात सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची चूक हमखास येते. काही बारवर फ्रंटच्या टोकाला लूपऐवजी गाठ असते, म्हणजे चुकून काइटला उलटी जोडली जाऊ नये. तसं असेल तर चौघींनाही सारख्या लांबीच्या छोट्या दोऱ्या जोडून मग कॅराबिनरला लावा.

लाइनी बोटांतून सोडवत बारपर्यंत चालत जा, पीळ राहू देऊ नका. आता ट्रिमची दोरी, म्हणजे फ्रंटची लांबी कमीजास्त करणारी दोरी, पूर्ण सैल सोडा, म्हणजे बार सर्वाधिक जोराच्या स्थितीत येईल. ही पायरी विसरली तर पुढची सगळी मोजणी फुकट. ट्रिम दोन इंच ओढलेला ठेवून मोजलंत तर फ्रंट आखूड दिसतील आणि तुम्ही नेमकी उलटी दुरुस्ती कराल.

हार्नेस घाला, चिकन लूप अडकवा, मागे रेला आणि बार पूर्ण आपल्याकडे ओढून धरा. बहुतेक बारच्या रचनेत या स्थितीत चारही लाइनी सारख्या ताठ असायला हव्यात. तुमच्या बारच्या माहितीपत्रकात वेगळं सांगितलं असेल तर ते प्रमाण माना. डोळा लाइनीच्या पातळीवर आणून खांबाकडे पाहा. बॅक ताठ आणि फ्रंटला झोळ, म्हणजे बॅक आखूड. फ्रंट ताठ आणि बॅकला झोळ, म्हणजे बॅक लांब. एकच बॅक झोळ खात असेल तर बार हातात सरळ राहणारच नाही.

झोळ दिसला, पण किती? इथे दुसरा माणूस लागतो. माझी मुलगी टेप घेऊन खांबापाशी उभी राहते. आखूड लाइनींचे लूप कॅराबिनरमधून काढायचे, बाकीच्या ताठ ठेवायच्या, आणि सुटलेला लूप तितक्याच ताणाने धरल्यावर कॅराबिनरपासून किती अलीकडे राहतो ते मोजायचं. प्रत्येक लाइन तीनदा मोजा. एकदा हलक्या हाताने आणि एकदा जोरात ओढून घेतलेल्या दोन मापांची तुलना करता येत नाही, म्हणून मी बॅकसाठी सामान तोलायचा छोटा ताणकाटा लावून दर वेळी १० किलोवरच वाचन घेतो.

माझा अनुभव असा: बॅक-बॅकमध्ये २ सेंटिमीटरपर्यंतचा फरक हाताला फारसा कळत नाही. ४-५ झाला की काइट एका बाजूला खेचते. फ्रंट आणि बॅक यांच्यात ५ सेंटिमीटर झाले की ट्रिमने सांभाळून घेता येतं, पण ट्रिमची तेवढी मजल वाया जाते आणि वारा वाढल्यावर तीच कमी पडते.

दुरुस्ती: आधी ताणा, मग गाठ हलवा

आखडलेली लाइन पुष्कळदा परत येते. आधी ती गोड्या पाण्यात भिजवून विणीतली रेती निघू द्या, वाळवा, मग एकएकटी खांबाला लावून ताणा. नुसत्या हाताने कधीही नाही. ही लाइन ताणाखाली बोट कापते, आणि हाताला वेढा घेऊन ओढणं म्हणजे अपघाताला निमंत्रण. मी जाड लाकडी लाटणं घेतो. लाइनीच्या लूपचाच फास करून लाटण्याच्या मधोमध घालायचा, लाटणं दोन्ही हातांनी धरायचं आणि पाय रोवून अंगाचं वजन मागे टाकायचं. एक मिनिट धरा, सोडा, पुन्हा. चार-पाच वेळा. माझ्या ९ सेंटिमीटरपैकी जवळजवळ ४ अशाच परत आल्या. फक्त आखूड लाइन ताणायची, बरोबरीची ताणत बसू नका.

उरलेला फरक गाठींनी काढायचा. बारच्या टोकाला, तरंगणाऱ्या फ्लोटजवळ, बहुतेक बॅक लीडरवर (बार आणि लाइन यांच्यामधल्या जाड दोरीवर) दोन-तीन गाठी असतात. लाइनीचा फास एका गाठीमागून काढून पुढच्या गाठीमागे अडकवला की लाइन तेवढी लांब होते. गाठींमधलं अंतर टेपने मोजून घ्या, अंदाजाने हलवू नका. काइटच्या पिगटेलवरही (लाइन जोडायच्या छोट्या दोरीवरही) अशाच गाठी असतात, पण त्या शक्यतो हलवू नका. त्या त्या एका काइटसाठी असतात. बारमधला दोष बारवरच दुरुस्त केला तर ९ चौरस मीटरची, १२ चौरस मीटरची, कुठलीही काइट लावली तरी ती बरोबर उडते. डावी-उजवी मात्र दोन्ही सारखी हलवा, असमानता असेल तेवढीच एका बाजूला जास्त. नंतर पुन्हा रेलून, बार ओढून, डोळ्याने तपासा.

बोटांची तपासणी

लांबी बरोबर आली तरी लाइन चांगली आहे असं होत नाही. यासाठी मला दिवाळे कोळीवाड्यातल्या जेट्टीवर जाळी विणणाऱ्या एका काकांनी जे दाखवलं ते सांगतो. ते जाळ्याचा दोर पाहत नव्हते. नजर समोर पाण्याकडे, आणि दोर अंगठा व तर्जनीच्या चिमटीतून सरकत होता. मध्येच थांबले, तिथलाच एक पेड अर्धा तुटलेला. म्हणाले, "डोल्याला नाय दिसं, बोटाला कलतं." त्या दिवसापासून मी लाइनी तशाच पाहतो, डोळे मिटून, एका वेळी एक.

बोटाला काय लागायला हवं? सगळीकडे सारखी, किंचित मेणचट गोलाई. सगळ्या लाइनीवर बारीक, एकसारखी लव आली असेल तर ते वय आहे, घाबरायचं कारण नाही. रंग उडाला तरी हरकत नाही, तो वरचा लेप असतो. पण एकाच जागी लव दाट झाली, लाइन अचानक बारीक लागली किंवा एखादा धागा वर आला, तर तिथे ती घासली गेली आहे. सर्वात वाईट म्हणजे कडक, चपटा, काचेसारखा चकचकीत ठिपका. तिथे डायनीमा वितळला आहे. दोन लाइनी ताणाखाली एकमेकींवर घासल्या की असं होतं. दुसऱ्याच्या काइटशी गुंता झाला असेल तर त्या फेरीनंतर ही तपासणी टाळू नका. संक्रांतीच्या सुमारास किनाऱ्यावर काचेच्या मांज्याचे तुकडे लाइनीत अडकून येतात, तेही लक्षात ठेवा. असा ठिपका सापडला की ती लाइन निकालात काढा.

जास्त झिजणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. काइटकडचा शेवटचा मीटरभर भाग, जो वाळूत लोळतो. लीडर आणि लाइन यांचा जोड. शेवटच्या लूपवरचं शिवलेलं आवरण. आणि बारच्या भोकातून दिवसातून हजारदा वरखाली होणारी डीपॉवरची दोरी. तिच्यावर प्लॅस्टिकचं आवरण असेल तर ते चिरलंय का पाहा. ही दोरी तुटली तर दोन्ही फ्रंट एकदम जातात.

गाठ पडली तर

लाइनीत पडलेली छोटी गाठ म्हणजे "पुढच्या वेळी काढू" म्हणायची गोष्ट नाही. गाठ असलेली लाइन गाठीच्या ठिकाणी तिच्या ताकदीच्या निम्म्यावर येऊ शकते, आणि सेंटिमीटरभर आखूड होते ते वेगळंच. त्याहून गंभीर म्हणजे आजच्या बहुतेक बारमध्ये क्विक रिलीज, म्हणजे संकटात काइटचा जोर काढून टाकायची कळ, दाबल्यावर बार एका फ्रंट लाइनीवरून वर सरकत जातो आणि काइट त्या एकाच लाइनीला लटकून सपाट होते. त्या लाइनीवर गाठ असेल तर बार तिथेच अडकतो आणि काइटचा जोर जात नाही. नेमका जीव वाचवायच्या क्षणी.

गाठ घट्ट झाली असेल तर कोमट पाण्यात भिजवा आणि बोथट टोकाने, क्रोशाच्या सुईने उत्तम, हलवून सैल करा. दात, चाकू, लायटर यांपैकी काही नको. सुटल्यावर ती जागा चिमटीतून पुन्हा तपासा. आणि तुटलेली लाइन गाठ मारून जोडून पाण्यात जाऊ नका. एकदा मी तसं केलं, वारा १८ नॉट्सचा होता, आणि गाठ दुसऱ्याच वळणावर सुटली. काइट फिरत खाली आली, मी किनाऱ्याजवळ होतो म्हणून चालत परतलो.

धुणं आणि ठेवणं

घरी आल्यावर बार बादलीत, मोरबे धरणाच्या (नळाच्या) गोड्या पाण्यात, अर्धा तास. गुंडाळलेला बार तसाच बुडवला तर आतल्या वेढ्यांतली रेती निघत नाही, म्हणून वेढे सैल करून बुडवा. तळाशी बसलेला काळा थर एकदा पाहिलात की पुढे कधी टाळणार नाही. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. गॅलरीतल्या कडक उन्हात नको, तापलेल्या गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. तापमान वाढलं की हा धागा ताणाखाली लवकर लांबतो. बारवर आठाच्या आकारात गुंडाळा, ओढून घट्ट नाही. पावसाळ्यात चार महिने बार कपाटात राहणार असेल तर पूर्ण कोरडा करूनच ठेवा.

बदलायची वेळ

फ्रंट आणि बॅकमधला फरक गाठींच्या आवाक्याबाहेर गेला, एका लाइनीवर वितळलेला ठिपका किंवा तुटलेला धागा सापडला, किंवा ताणून आणलेली लाइन दोन फेऱ्यांत पुन्हा आखडली, की नवीन लाइनी घ्या. एकच लाइन बदलू नका. किमान जोडी, जमल्यास चारही. जुनी लाइन आपलं लांबायचं तेवढं लांबून बसलेली असते आणि नवीन अजून लांबायची असते, त्यामुळे एकटी नवीन लाइन लावली की महिन्याभरात पुन्हा असमानता येते. नवीन संच घेताना लांबी आणि ताकद आपल्या बारला साजेशी आहे का पाहा. फ्रंटला बॅकपेक्षा जास्त ताकदीची लाइन लागते.

आणि नवीन संच लावला म्हणून मोजणी सुटत नाही. पहिल्या तीन-चार फेऱ्यांत टोकांचे शिवलेले आणि गुंफलेले जोड दबून बसतात, गाठी आवळतात, लाइनी आपली खरी लांबी घेतात. तेव्हा एकदा पुन्हा पोडियमवर जा आणि मोजा. मी तारीख आणि चारही मापं मार्करने पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून बारच्या पिशवीला आतून चिकटवतो. आत्ता तिथे तीन पट्ट्या आहेत, आणि शेवटची सांगते की उजवी बॅक पुन्हा दीड सेंटिमीटर आखडली आहे. या रविवारी लाटणं काढावं लागणार.